कै. नारायण वामन टिळक आणि मंडळीचे गायन

ज्या ज्या मराठी मंडळीत ‘उपासनासंगीत’ हे पुस्तक वापरात आहे, तेथील कोणीही ते सहज चाळून पाहावे. गीतकर्त्यांची जी नावे त्यात आढळतील, त्यांत एक नाव इतर सर्वांहून अधिक वेळा येते, आणि ते नारायण वामन टिळक यांचे होय. गाणाऱ्यांपैकी कितीएकांस अक्षरओळखही नसते, तरी ह्या गृहस्थांची पदे त्यांच्या मुखी असतात. ज्याचे शब्द आपण दर रविवारी आपलेच म्हणून उच्चारतो तो पुरुष कोण, कोठला, आणि ह्या पदांच्या वाटेवर येण्यापूर्वी त्याला काय काय सोडावे लागले, हे आमच्या खेड्यापाड्यांतील बंधुभगिनींस व उपदेशकांस ठाऊक असावे म्हणून हे अल्प चरित्र आम्ही देत आहो.

प्रथम एक खुलासा केलेला बरा. लोकमान्य बाळ गंगाधर टिळक हे निराळे. आडनाव एक व काळही बहुतेक एक, त्यामुळे पुष्कळांचा घोटाळा होतो.

दुसरी गोष्ट हिंगोली जिल्ह्यातील वाचकांसाठी. साखरा किंवा त्याच्यासारख्या गावी राहणाऱ्यास वाटेल की, कोकणात जन्मलेल्या व नगरास राहिलेल्या कवीचा आपल्याशी काय संबंध? संबंध आहे, आणि तो दुहेरी आहे. शेजारच्या वाशीम भागात ज्या मिशनांनी काम केले ती मेथॉडिस्ट व नाझरीन मिशने अमेरिकेतील होती, आणि टिळक ज्या मंडळीत आले ती अमेरिकन मराठी मिशनची होती. समुद्रापलीकडची गाणी आमच्याकडे ह्याच वाटांनी आली. उलट ज्या अभंगछंदात टिळकांनी आपले हृदय ओतले, तो अभंग देशोदेशी नेणारे संत नामदेव यांचे जन्मस्थान म्हणून मान पावलेले नरसी हे गाव ह्याच हिंगोली जिल्ह्यात आहे. एक चाल बोटीतून आली, दुसरी बांधावरची. त्या दोहोंची गाठ ज्याच्या आयुष्यात पडली त्याची ही हकीकत आहे.

टिळकांचा जन्म रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथे ६ डिसेंबर १८६१ रोजी चित्पावन ब्राह्मण कुळात झाला. वडील वामनराव सरकारी नोकरीत होते व स्वभावाने फार कडक. आई जानकीबाई भाविक व कोमल मनाची होती, आणि कवितेची आवड मुलास तिच्याकडूनच मिळाली असे मानतात. १८७३ च्या सुमारास ती वारली. मुलगा तेव्हा अकरा-बारा वर्षांचा होता. आईवाचून घरात त्याचे मन रमेना, म्हणून घर सोडून तो नाशिकास गेला. तेथे गणेशशास्त्री लेले यांच्यापाशी त्याने संस्कृत काव्याचा अभ्यास केला. इंग्रजी शाळेतही काही काळ काढला, परंतु ते शिक्षण पुरे झाले नाही. पुढे ज्यांच्या विद्वत्तेची वाखाणणी झाली त्यांच्यापाशी एकही मोठी परीक्षा नव्हती, ही गोष्ट आमच्या उपदेशकांनी ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

१८८० साली नाशिकाजवळच्या जलालपूरच्या गोखल्यांची मुलगी मनकर्णिका हिच्याशी त्यांचे लग्न झाले. सासरी तिचे नाव लक्ष्मी ठेवले. मुलगी लहान, जेमतेम अकरा-बारा वर्षांची. तिच्या माहेरी सोवळ्याओवळ्याचे इतके बंड होते की बाजारातून आलेले धान्य, मीठ, साखरसुद्धा तिचे वडील धुवून घेत. (मीठ धुतल्यावर उरत किती असेल, हे वाचकांनीच ठरवावे.) अशा घरात वाढलेली ही मुलगी पुढे ह्या चरित्रात कोठे जाऊन पोहोचते, ते पाहण्यासारखे आहे.

संसार सुखाचा नव्हता. टिळक एका गावी टिकत नसत; कधी शिक्षक, कधी मासिकाचे संपादक, कधी नुसतेच फिरते. हाती आलेला पैसा राहत नसे व राग आवरत नसे. न सांगता निघून जावे, महिनोगणती पत्ता नसावा, आणि मग एके दिवशी दारात उभे राहावे, असे पुष्कळदा झाले. थोर पुरुषाच्या चरित्रात ह्या गोष्टी कशाला, असे कोणी म्हणेल. परंतु लक्ष्मीबाईंनी स्वतः त्या ‘स्मृतिचित्रे’ ह्या ग्रंथात हसत हसत लिहून ठेविल्या आहेत. १९३४ पासून पुढे हा ग्रंथ भागाभागांनी प्रसिद्ध झाला, आणि मराठी भाषेतील उत्तम आत्मचरित्रांत त्याची गणना होते. जे पत्नीने झाकले नाही ते आम्ही कशास झाकावे?

नागपुरास आप्पासाहेब बुटी नावाचे धनिक होते. त्यांच्या आश्रयाने टिळकांनी संस्कृत ग्रंथांच्या संकलनाचे काम केले व ‘ऋषी’ नावाचे मासिक चालविले. त्या दिवसांत त्यांच्या मनात देशाच्या भवितव्याविषयी आणि जातिभेदाविषयी विचारांचे काहूर उठले होते. चालू धर्माने समाधान होईना, नवा धर्म स्वतःच स्थापावा असेही मनात येई.

१८९३ साली ते नागपुराहून राजनांदगावास आगगाडीने निघाले होते. डब्यात एक गोरा गृहस्थ बसला होता. त्याने ह्या गरीब ब्राह्मणाशी आदराने बोलणे चालू केले, संस्कृत काव्यावर दोघांची चर्चा झाली, आणि उतरताना त्याने नव्या कराराची एक प्रत त्यांच्या हाती ठेविली. दोन वर्षांच्या आत तुम्ही ख्रिस्ती व्हाल असे भाकीतही तो करून गेला. टिळकांस ते बोलणे रुचले नाही. तथापि वाचण्याचे वचन दिले होते, म्हणून वाचावयास बसले. डोंगरावरील प्रवचनाशी आले आणि तेथेच थांबले. पुस्तक खाली ठेववेना.

पुढे पत्रव्यवहार, चर्चा आणि रात्रीच्या रात्री तळमळ. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईस अमेरिकन मराठी मिशनच्या मंडळीत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. तो गोऱ्या मिशनऱ्याच्या हातून न घेता आपल्याच देशबांधवाच्या हातून घ्यावा असा त्यांचा आग्रह होता, आणि त्याप्रमाणे रेव्ह. तुकाराम नाथोजी यांनी तो दिला. भाकिताची दोन वर्षे अद्याप भरावयाची होती.

ह्या दिवसाची बातमी लक्ष्मीबाईंस कळली तेव्हा त्या आपल्या आप्तांत होत्या. पदरी दत्तू नावाचा चार वर्षांचा मुलगा. नवरा जिवंत असून घर बुडाले, अशी ती अवस्था. सवाष्णही नाही आणि विधवाही नाही; पंगतीत कोठे बसावे हाच प्रश्न. त्या काळातील काही महिने त्यांनी पंढरपुरास नातलगांपाशी काढले. टिळक पत्रे पाठवीत, भेटीस येत, विनवीत. आणि त्या जात नसत. दोघांच्या आयुष्यातील चार-पाच वर्षे अशी गेली. आमच्या मते टिळकांनी सोडलेल्या गोष्टींत जात, मानमरातब व आप्त ही सर्व हलकी होती; जड एवढी एकच. ज्या पदांत विरहाचा सूर लागतो ती पदे पुस्तकातून आली नाहीत, हे गाणाऱ्यास न सांगताही कळते.

शेवटी लक्ष्मीबाई नगरास आल्या. (त्या अहमदनगराचे नाव २०२४ पासून अहिल्यानगर झाले आहे, जुन्या हकिकतीत आम्ही जुनेच नाव ठेवितो.) आल्या तरी प्रथम सोवळे निराळे, स्वयंपाक निराळा, पाणीही निराळे. टिळकांनी सक्ती केली नाही. रागीट माणसाने येथे मात्र धीर धरला. बाईंचा पालट हळूहळू, त्यांच्या स्वतःच्या विचाराने झाला: जाती देवाने केल्या की माणसांनी, हा प्रश्न त्यांनी स्वतःस विचारला आणि उत्तर मिळताच कोणाच्याही हातचे पाणी प्याल्या. १९०० साली राहुरीस त्यांचा बाप्तिस्मा झाला. मीठ धुणाऱ्याची ती मुलगी पुढे दुष्काळातील अनाथ मुलांस आपल्या घरात घेऊन वाढवू लागली.

आता गायनाकडे वळू. येथे थोडे मागे व थोडे दूर जावे लागेल.

अमेरिकेचे पहिले मिशनरी गॉर्डन हॉल व सॅम्युएल नॉट हे फेब्रुवारी १८१३ मध्ये मुंबईस उतरले. नगरचे ठाणे १८३१ साली झाले. हे बहुतेक लोक अमेरिकेच्या ईशान्येकडील न्यू इंग्लंड व त्याच्या आसपासच्या प्रांतांतले. त्या प्रांतांत तेव्हा बोस्टन शहरचे लोवेल मेसन (१७९२–१८७२) यांच्या गायनपद्धतीचे राज्य होते. स्वरलिपीचे पुस्तक हाती, बायकांचे दोन व पुरुषांचे दोन असे चार प्रकारचे आवाज, प्रत्येकाने आपापली ओळ निराळ्या सुरात गावी आणि सर्वांचा मेळ पडावा, अशी ती रीत. ऐकावयास भव्य, यात शंका नाही. परंतु ती शिकलेल्या शहरी मंडळीची रीत. तेच मिशनऱ्यांच्या पेटाऱ्यातून इकडे आले, आणि इंग्रजी गीतांची मराठी भाषांतरे त्याच चालींवर बसविली गेली.

तेथे अडचण उभी राहिली, आणि ती भक्तीची नव्हे, अक्षरांची होती. इंग्रजी भाषेत शब्दातील एका अवयवावर आघात पडतो व बाकीचे अवयव हलके जातात. गीताची चाल त्या आघातांवर चालते. आमच्या भाषेत ऱ्हस्व-दीर्घ हा जीव. भाषांतर करणाऱ्याने अक्षरे मोजून बरोबर बसविली, तरी चाल जेथे लांबते तेथे नेमके ऱ्हस्व अक्षर येते व ते ओढावे लागते, आणि दीर्घ अक्षर चिरडावे लागते. अर्थ कळतो, पण शब्द परक्याच्या तोंडून आल्यासारखा वाटतो. पुस्तक व स्वरलिपी न वाचता येणाऱ्या खेडुतास तर त्यात हातही घालता येईना.

येथे एक गोष्ट सांगितली पाहिजे, नाहीतर अमेरिकेवर अन्याय होईल. खुद्द त्या देशात खेड्यांतील गायन असे नव्हतेच. न्यू इंग्लंडच्या जुन्या मंडळ्यांत पुस्तके थोडी व वाचणारे त्याहून थोडे, म्हणून एकाने ओळ उच्चारावी व सर्वांनी ती सावकाश, लांबवून म्हणावी, अशी वहिवाट होती. शहरांतून ती गेली. डोंगराळ भागांतील व नीग्रो बांधवांच्या काही मंडळ्यांत ती आजतागायत आहे. दक्षिणेकडील शेतकऱ्यांसाठी सोपी स्वरलिपी निघाली होती. तिच्यात सुरांस आकार दिलेले: एक सूर त्रिकोणी, एक गोल, एक चौकोनी व एक शंकरपाळ्यासारखा. आकार पाहून सूर ओळखावा, आणि गीताचे शब्द म्हणण्यापूर्वी प्रथम सर्वांनी नुसती सुरांची नावेच गावी, जसे आपल्याकडे सरगम म्हणतात तसे. ह्या लिपीतील ‘सेक्रेड हार्प’ हे १८४४ चे पुस्तक घेऊन आजही तेथे लोक चौकोनात समोरासमोर बसून गातात. अरण्यात तंबू ठोकून ज्या मोठ्या भक्तिसभा होत, मेथॉडिस्टांनी ज्या फार वाढविल्या, त्यांत गीतास ध्रुपद जोडण्याची रीत पडली, ती एवढ्यासाठी की कडवे न येणाऱ्यासही ध्रुपदात सूर मिळविता यावा. आणि गुलामगिरीत पिचलेल्या नीग्रो लोकांची गाणी तर सर्वस्वी अशीच: एकाने हाक द्यावी, सर्वांनी उत्तर द्यावे. गुलामगिरी नष्ट झाल्यावर नॅशव्हिल येथील फिस्क विद्यालयाच्या तरुण गायकांनी १८७१ पासून ती गाणी गावोगाव गाऊन दाखविली, तेव्हा जगास त्यांची ओळख झाली.

जे इंग्रजी गीत आज जगभर सर्वांत अधिक गाइले जाते ते जॉन न्यूटन या इंग्रज पाळकाचे. हा गृहस्थ पूर्वी गुलामांच्या जहाजावर कप्तान होता. गीत १७७९ साली छापले गेले, पण त्याची आजची चाल इंग्लंडची नाही. ती अमेरिकन खेड्यांत फिरणारी चाल, दक्षिण कॅरोलिनातील विल्यम वॉकर याने १८३५ साली आपल्या पुस्तकात त्या शब्दांशी जोडली. त्या चालीत सूर अवघे पाच लागतात: सा, रे, ग, प, ध. आमच्या भूप रागाचे सूरही हेच पाच. राग तो नव्हे, चलन निराळे. पण सकाळची भूपाळी ज्याच्या कानात आहे त्यास ती चाल परकी का वाटत नाही, याचे कारण ह्यात असावे.

सारांश, बोटीतून जे आले ते अमेरिकेच्या शहराचे गाणे होते. तिकडच्या खेड्याचे गाणे आले असते तर ते आमच्या भजनास बहिणीसारखे भेटले असते, असे आम्हास वाटते.

टिळकांस अमेरिकेच्या खेड्यांची ही माहिती कितपत होती याची चर्चा येथे नको. त्यांस आपले खेडे माहीत होते, तेवढे पुरे झाले. नवीन मंडळ्यांतील बहुतेक लोक ज्या वस्त्यांतून आले तेथे एकतारी, टाळ व मृदंग घरोघर होते. बाप्तिस्मा होताच त्यांनी ते खुंटीला टांगून ठेवावे व हाती पुस्तक धरून उभे राहावे, हे टिळकांस पटले नाही. देवाने मराठी माणसास जो कंठ दिला तो मराठीच ठेवून त्याची स्तुती करावी, एवढा साधा त्यांचा विचार होता. ते एकटेच होते असे नाही. कृष्णराव रत्नाजी सांगळे (१८३४–१९०८) यांनी त्यांच्या कितीतरी आधी देशी चालींवर गोड पदे रचली होती, आणि नगरच्या ख्रिस्ती लोकांनी १८६० नंतरच्या दशकात वीणा-मृदंगासह कीर्तन करण्याचा पायंडा पाडला होता. सांगळ्यांची पदे आजही गातात. तथापि टिळकांनी ह्या वाटेचा रस्ता केला.

छंदांपैकी त्यांस विशेष प्रिय अभंग. त्याची मांडणी उपदेशकांनी समजून घ्यावी, कारण ज्यास ती समजली त्यास नवीन पद बसविणे सोपे जाते. मोठ्या अभंगात एका चौकात चार चरण. पहिल्या तिहींत सहा-सहा अक्षरे व चौथ्यात चार. दुसऱ्या व तिसऱ्या चरणाचे यमक जुळते. लहान अभंगात आठ-आठ अक्षरांचे दोन चरण. ऱ्हस्व-दीर्घाचे बंधन नाही, म्हणून गाणारा आपल्या चालीप्रमाणे अक्षर लांबवितो वा आखडतो. यामुळे शब्द मोडत नाही. एका अभंगाची चाल दुसऱ्यास लागते. शंभर अभंग असले तरी चार चाली पुरतात. इंग्रजी गीतांतही आठ-सहा-आठ-सहा अशा अवयवांचे एक फार जुने माप आहे, आणि त्या मापाचे कोणतेही गीत त्या मापाच्या कोणत्याही चालीवर म्हणता येते. न्यूटनचे गीत त्याच मापाचे. दोन्हीकडच्या गरीब लोकांनी एकच युक्ती काढली होती: चाली थोड्या, गीते पुष्कळ, आणि पुस्तकाची गरज नाही.

टिळकांच्या मनावर संतांपैकी तुकोबांचा पगडा सर्वांत मोठा होता. तुकोबांच्या पुलावरूनच आपण ख्रिस्ताच्या चरणांशी आलो, असे ते उघड सांगत. काही मिशनरी मंडळींस हे बोलणे अवघड वाटे. टिळकांनी ते मागे घेतले नाही. त्यांचे अभंग ‘अभंगांजली’ ह्या नावाने संग्रहित आहेत. त्यांत ख्रिस्तास माउली म्हणून हाक मारलेली आढळते, लेकरू जसे कडेवर घेण्याचा हट्ट धरते तसा हट्ट धरलेला आढळतो. परदेशी गीतात देव राजा, सेनापती, दुर्ग असा पुष्कळ येतो. टिळकांच्या पदात तो घरात येऊन बसतो. वारकऱ्यांच्या वाणीतून आलेली ही माउली ज्या भागात नामदेव जन्मले त्या भागातील मंडळीस समजावून सांगावी लागत नाही.

कीर्तनाचेही तेच. पूर्वरंगात एखादे वचन घेऊन त्याचे विवरण, मध्ये भजन, उत्तररंगात कथा, आणि मधून मधून पदे, अशी जुनी चौकट त्यांनी घेतली व तिच्यात शुभवर्तमानाच्या कथा भरल्या. तासभर प्रवचन ऐकताना जो डुलक्या घेतो तोच गावकरी तीन तास कीर्तनास बसतो, हा अनुभव आमच्या प्रत्येक उपदेशकास असेल.

नगरच्या ज्या धर्मशाळेचे, म्हणजे उपदेशक तयार करण्याच्या विद्यालयाचे प्रमुख डॉ. ह्यूम होते, तेथे टिळक शिकवीत असत. १९०४ साली त्यांस पाळकपणाची दीक्षा मिळाली. राहुरीसही त्यांनी सेवा केली. १९१२ पासून अखेरपर्यंत ‘ज्ञानोदय’ पत्राच्या मराठी भागाचे ते संपादक होते. ते पत्र नगरास १८४२ साली निघाले. ह्या सर्व कामांतून कविता चालूच. फुलांवर व मुलांवर त्यांनी इतके लिहिले की मराठी साहित्यात त्यांस फुलांमुलांचा कवी हीच पदवी मिळाली, आणि ख्रिस्ती नसलेले वाचकही त्यांस आपला कवी मानू लागले. ‘वनवासी फूल’ हे त्यांचे खंडकाव्य प्रसिद्धच आहे. त्र्यंबक बापूजी ठोमरे, ज्यांस महाराष्ट्र बालकवी म्हणून ओळखतो, ते तरुणपणी नगरास टिळकांच्या घरी राहिले. लक्ष्मीबाईंनी त्यांस पोटच्या मुलासारखे वागविले.

मिशनविषयी टिळकांचे मन मात्र अखेरीस अस्वस्थ होऊ लागले. मंडळी परक्यांच्या पैशावर उभी आहे, तिचा पोशाख, इमारत, चालचलणूक परक्याची आहे, आणि देशबांधव म्हणून तिच्याकडे परक्यासारखे पाहतात, हे शल्य. केवळ पदे देशी करून भागणार नव्हते. १९१७ साली त्यांनी मिशनच्या पगाराची नोकरी सोडली, संन्यस्त वृत्ती धरली आणि साताऱ्यास जाऊन ‘देवाचा दरबार’ स्थापन केला. ख्रिस्ताचे प्रेम असलेला कोणीही, बाप्तिस्मा झालेला असो वा नसो, तेथे यावा व बंधू म्हणून राहावा, अशी योजना. पुष्कळांनी नापसंती दर्शविली. आमचे मत विचाराल तर, दरबाराच्या रचनेत व्यवहार थोडा व कवित्व फार होते. पण पगार सोडणाऱ्या पंचावन्न वर्षांच्या मनुष्याचा प्रामाणिकपणा कोणास नाकारता येईल? लक्ष्मीबाई ह्या वेळी मागे राहिल्या नाहीत. बावीस वर्षांपूर्वी ज्या नवऱ्याने न सांगता सर्वस्व सोडले त्याच्याबरोबर ह्या खेपेस त्या साताऱ्यास गेल्या.

दरबार भरास येण्यास काळ मिळाला नाही. प्रकृती ढासळली, आणि ९ मे १९१९ रोजी मुंबईस टिळक निवर्तले. वय सत्तावन्न.

त्यांच्या पश्चात त्यांची पदे उलट्या दिशेने प्रवासास निघाली. स्कॉटिश मिशनरी निकल मॅक्निकल यांनी त्यांच्या एका गीताचे इंग्रजीत भाषांतर केले आणि ते परदेशच्या गीतसंग्रहांत छापले गेले; शंभर वर्षे जिकडून इकडे गीते येत होती तिकडे एक मराठी गीत गेले. जे. सी. विन्स्लो यांनी इंग्रजीत लिहिलेले त्यांचे चरित्र १९२३ साली प्रसिद्ध झाले. मुंबईस टिळकांच्या बाप्तिस्म्याच्या काळी ज्यांचा त्यांस आधार होता ते अमेरिकन मिशनरी जस्टिन ॲबट यांनी आपले उतारवय मराठी संतकवींचे इंग्रजी भाषांतर करण्यात घालविले, हीही गोष्ट नोंदण्याजोगी आहे.

एक काम अपुरे राहिले होते. ख्रिस्ताचे समग्र चरित्र मराठी काव्यात गावे म्हणून ‘ख्रिस्तायन’ हा ग्रंथ टिळकांनी १९०९ साली आरंभिला होता, आणि सुमारे दहा अध्याय झाले असता ते गेले. तो हाती घेण्यास पंडित कवी पुष्कळ मिळाले असते. घेतला लक्ष्मीबाईंनी. ह्या बाईंस लग्नात लिहिता-वाचता येत नव्हते. अक्षरे गिरवून घेण्यास नवराच बसे, व रागावून उठून जाई. त्यांनी साठाहून अधिक अध्याय लिहिले. शेवटचा भाग राहिला असता २४ फेब्रुवारी १९३६ रोजी त्याही गेल्या. ज्या मुलास पदरी घेऊन त्यांनी ती वर्षे काढली होती, त्या दत्तूने, म्हणजे देवदत्त नारायण टिळक यांनी, उरलेला अध्याय पुरा केला, आणि १९३८ साली ‘ख्रिस्तायन’ छापून बाहेर पडले.